राष्ट्रपती महोदया, एकदा विचारून तरी पाहा

छत्रपती संभाजीनगर,
१७ सप्टेंबर २०२५

प्रति,
आदरणीय श्रीमती द्रौपदी मुर्मू,
राष्ट्रपती, भारत.



मायना लिहितानाच अडखळलो. जुन्या सवयीने हात ‘महामहिम’कडे वळला होता. मग आठवलं, तो शब्द २०१२ साली प्रणव मुखर्जींनीच राष्ट्रपती भवनातून सेवानिवृत्त केला. बरं झालं. महामहिमांना अर्ज करावा लागतो, राष्ट्रपतींना पत्र लिहिता येतं.

आज आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. उरलेला देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे आम्हाला आणखी तेरा महिने लढावं लागलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला सुटका झाली. म्हणून आम्ही वर्षातून एक झेंडावंदन जास्त करतो. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी मुख्यमंत्री येतात, मानवंदना होते, भाषणात काहीतरी जाहीर होतं. आपला मयूरभंजही संस्थानच होता आणि १ जानेवारी १९४९ ला ओडिशात विलीन झाला. त्यामुळे उशिरा देशात आलेल्या मुलखाचं दुखणं आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. आपणही रायरंगपूरला शिकवलेलं आहे, तेव्हा शिक्षकाच्या लांबण लावण्याबद्दल माफ कराल. माझा विषय नागरिकशास्त्र, म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला आणि वर्षअखेरीस घाईघाईने उरकला जाणारा. त्यात एक ठरलेला प्रश्न असायचा : राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतात, सकारण स्पष्ट करा. मुलं लिहायची, कारण खरे अधिकार पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे असतात. मी पूर्ण गुण द्यायचो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, मग सही कशाला लागते?’ तास संपत आला होता. मी ‘तशी पद्धत असते’ म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचं होतं, हे कळायला मला याच शहराचा इतिहास पुन्हा वाचावा लागला.

मराठी भाषेला मात्र फरक आधीपासून कळलेला आहे. आमची वर्तमानपत्रं अमेरिकेच्या, फ्रान्सच्या प्रमुखाला ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहितात आणि आपल्याला ‘राष्ट्रपती’. जो राज्य चालवतो तो अध्यक्ष, ज्याच्या नावाने राज्य चालतं तो पती. (२००७ साली आमच्या खानदेशच्या प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा या ‘पती’ शब्दावरून बराच काथ्याकूट झाला. शब्द टिकला, वाद विरला.) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना हेच नेमकेपणाने सांगितलं होतं. राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही. प्रशासनात त्याचं स्थान मोहरेसारखं, जिच्या ठशाने राष्ट्राचे निर्णय ओळखले जातात. मोहर म्हटलं की लोकांना रबरी शिक्का आठवतो. मला आमच्या तलाठी कार्यालयातला शिक्का आठवतो. तो तलाठ्याच्या मर्जीचा नसतो, पण तो उठल्याशिवाय जमीन तुमच्या नावावर होत नाही.

ही मोहर आमच्या शहरात कधी आणि कशी उठली, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पहिला प्रसंग १ सप्टेंबर १९५१ चा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने वर्षभरापूर्वीच इथे महाविद्यालय काढलं होतं. मिलिंद हे नाव त्याला पुढे मिळालं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच, पोरांना हैदराबादेला जावं लागायचं, आणि दलितांच्या पोरांना तर घरापासून शाळेपर्यंतचाच रस्ता लांब होता. त्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसवायला पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले. आज ज्याला नागसेनवन म्हणतात तो परिसर तेव्हा गावाबाहेरचा उघडा माळ होता. संविधान सभेचे अध्यक्ष आणि मसुदा समितीचे अध्यक्ष, दोघं एका मांडवात. आणि त्या दिवशी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख कोण, तर मीर उस्मान अली खान, तोच निजाम! तीन वर्षांपूर्वी ज्याच्या राजवटीशी लढून लोक तुरुंगात गेले, तो प्रजासत्ताकात राजप्रमुख होता आणि त्याच्या राज्यात बाबासाहेब दलितांच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारत होते. इतिहासाला अशा दिवशी कुणाची बाजू घ्यावी कळत नसेल.

पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. त्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला राजेंद्रबाबूंनी नेहरूंना पत्र लिहिलं. संसदेत हिंदू कोड बिल चालू होतं. बाबासाहेब कायदामंत्री म्हणून ते लढवत होते आणि राजेंद्रबाबूंना ते पसंत नव्हतं. आपण या विधेयकाबाबत मंत्रिमंडळाच्या नव्हे, स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो, असा त्या पत्राचा रोख होता. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाडांना आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यरांना विचारलं. दोघांचा कौल एकच : राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं. राजेंद्रबाबू थांबले. बिल मात्र तसंही बारगळलं आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. आमच्या माळावर एकत्र उभे राहिलेले दोघं महिना संपायच्या आत असे दोन टोकांना गेले.

मला स्वतःला वाटतं, त्या वादात सेटलवाड बरोबर होते, आणि बाबासाहेबांच्या बिलावर राजेंद्रबाबूंचा विवेक चालला असता तर वाईटच झालं असतं. पुढे ४२व्या घटनादुरुस्तीने ही बांधिलकी पांढऱ्यावर काळी केली आणि ४४व्या दुरुस्तीने एवढी फट ठेवली की राष्ट्रपती एकदा म्हणू शकतात, पुन्हा विचार करा. तेव्हा हे पत्र तुम्हाला मंत्रिमंडळाविरुद्ध उभं राहा म्हणून चिथावणारं नाही. माझं मागणं त्याहून फार लहान आहे.

दुसरा प्रसंग सही-शिक्क्याचा. आमच्या माणसाला उच्च न्यायालयात दाद मागायची तर मुंबई गाठावी लागायची. १९८१ च्या ऑगस्टमध्ये इथे खंडपीठ बसू लागलं. त्याला आव्हान दिलं गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे खंडपीठ टिकलं. मग १९८४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या आदेशाने ते कायमस्वरूपी झालं. आज मराठवाड्याचा शेतकरी सकाळच्या एसटीने येतो, वकिलाला भेटतो आणि रात्री घरी जेवायला परत जातो. यामागे एक मोहर आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असायची गरजही नाही.

तिसरा प्रसंग आणि या पत्राचं खरं कारण म्हणजे राज्यघटनेचं कलम ३७१, उपकलम दोन.

१९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला. त्यात मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचं वचन होतं. आमचे पुढारी त्या बळावर महाराष्ट्रात आले. विनाअट आले, असं आम्ही अजूनही अभिमानाने आणि हल्ली थोडं चिडून म्हणतो. मग १९५६ ची सातवी घटनादुरुस्ती आली. तिने दोन गोष्टी केल्या, ज्या सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत. राजप्रमुख हे पद तिने पुसून टाकलं, म्हणजे निजामाची शेवटची खुर्ची गेली. आणि त्याच दुरुस्तीने ‘मराठवाडा’ हा शब्द भारताच्या राज्यघटनेत आणला. एका दस्तऐवजातून निजाम बाहेर पडला आणि मराठवाडा आत आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळं, विकासखर्चाचं समन्यायी वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि सरकारी नोकरीच्या पुरेशा संधी, याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेशाद्वारे राज्यपालांवर सोपवता येईल, असं ते कलम सांगतं.

सोपवता ‘येईल’. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. सोपवावीच लागेल, असं नाही. या ‘येईल’वर आम्ही ३८ वर्षं काढली.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये पहिल्यांदा हिशेब मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. ‘अनुशेष’ हा शब्द तोवर व्याकरणातल्यासारखा वाटायचा, नंतर तो आमच्या चहाच्या टपरीवर आला. त्याच वर्षीच्या जुलैत विधिमंडळाने मंडळं स्थापन करावीत असा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांची मराठवाडा जनता विकास परिषद या मागणीमागे हट्टाने उभी राहिली. निजामाशी लढलेला हा खादीधारी माणूस उतारवयात आकडेवारीच्या फायली घेऊन हिंडायचा. १९९२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना पद्मविभूषण दिलं. माझ्या मते त्यांचा खरा सन्मान ९ मार्च १९९४ ला झाला, जेव्हा डॉ. शंकर दयाळ शर्मांनी कलम ३७१(२) खालच्या आदेशावर सही केली. शर्मा आधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्यांना हा मुलूख ऐकून माहीत नव्हता, पाहून माहीत होता. त्या १ मेपासून मंडळं सुरू झाली. याच कलमात सौराष्ट्र आणि कच्छचंही नाव आहे. तिथे ती कधीच झाली नाहीत.

आता थोडं आमच्याच पदरातलं. मंडळांनी काय दिवे लावले, असं विचारणारे खूप आहेत आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. नव्याने मोजणी झाली तेव्हा राज्याचा अनुशेष १४,००० कोटींच्या घरात निघाला, आमचा त्यात सुमारे ४,००० कोटी. मंडळाचं अध्यक्षपद बहुतेकदा तिकीट हुकलेल्या नेत्याची सोय म्हणून वापरलं गेलं. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी २००१ च्या डिसेंबरात निधिवाटपाचे निर्देश काढले, पण ते पाळण्यापेक्षा त्यांना वळसा घालण्यातच मंत्रालयाची अक्कल अधिक खर्ची पडली. केळकर समितीने २०१३ मध्ये मोजण्याची पद्धतच बदला, तालुका घटक धरा, असं सुचवलं. त्यावर चर्चा व्हायला हवी होती. झाली नाही.

तरीही एक गोष्ट होती. दरवर्षी मंडळाचा अहवाल विधानसभेपुढे ठेवणं बंधनकारक होतं. कुणीतरी मोजत होतं. ज्या घरात हिशेबाची वही असते तिथे उधळपट्टी होतेच, पण पकडलीही जाते.

३० एप्रिल २०२० ला ती वही बंद झाली. मुदत संपली, मुदतवाढ झाली नाही. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं जीव मुठीत धरून बसली होती, मंडळाकडे कोण पाहणार? त्याआधी दर वेळी मुदत वाढवून मिळाली होती, या वेळी नाही मिळाली, इतकंच. ना ठराव, ना चर्चा, ना कुणी जबाबदार. मग मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार विधानसभेत म्हणाले, राज्यपालांनी विधान परिषदेच्या बारा आमदारांची नावं मंजूर करावीत, दुसऱ्या दिवशी मंडळं जाहीर करू. घटनेतलं कलम बारा आमदारांच्या बदल्यात तारण पडलेलं आम्ही दूरदर्शन संचावर पाहिलं. सरकार बदललं. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी आधी गळा काढला होता तेच आता सत्तेत, राज्यातही आणि केंद्रातही. आता तीन वर्षं होत आली. आपल्या सहीचा आदेश आलेला नाही.

याच्यासमोर दुसरं चित्र ठेवतो. २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती, पंतप्रधानांनी नियम १२ चा विशेष अधिकार वापरला, बैठकीची मान्यता मागाहून घेतली. ‘पहाटेचा शपथविधी’ हा वाक्प्रचार मराठीला तिथून मिळाला. त्याही आधी, २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ते सकाळी कळलं. म्हणजे घाई असली की आपल्या कार्यालयाची मोहर रात्रीही उठते. आमच्या कामाला मात्र दिवसच उगवत नाही!

मधल्या काळात आम्हाला पॅकेजं मिळाली. २०१६ च्या ऑक्टोबरात इथे मंत्रिमंडळाची बैठक झाली, ४९,२४८ कोटी जाहीर झाले. १६ सप्टेंबर २०२३ ला पुन्हा बैठक, सिंचनाचे धरून ५९,००० कोटी. आकडे ऐकून डोळे दिपतात. पण पॅकेज म्हणजे पाहुण्याने पिशवीतून आणलेला खाऊ. किती आणला, किती वाटला आणि किती परत नेला, विचारायची सोय नाही. कलम ३७१(२) म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. नोंद असली की शेत पडीक का असेना, आपलं असतं.

आपण गेल्या वर्षी ४ सप्टेंबरला आमच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, बुद्धविहाराच्या लोकार्पणासाठी आला होतात. आमच्या भागातून राष्ट्रपतींचा ताफा जाणं हे अप्रूपच, लोक उन्हात उभे होते. त्या गर्दीत कुणी आपल्याला मंडळांविषयी बोललं असेल असं मला वाटत नाही. असल्या कार्यक्रमांत ते बसत नाही, म्हणून लिहितो आहे.

आपण झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, जमिनीच्या दोन जुन्या कायद्यांतल्या दुरुस्त्यांची विधेयकं सरकारकडे परत पाठवली होती. छोटानागपूर आणि संथाल परगण्यातल्या आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न होता आणि सरकार आपल्याच पूर्वीच्या पक्षाचं होतं. आपण भाषण केलं नाही, पत्रकार परिषद घेतली नाही, फक्त परत पाठवली. त्याच्या वीस वर्षं आधी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस फेरविचारासाठी मंत्रिमंडळाकडे धाडली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सांगायला हवं होतं. सही नाकारण्याचा अधिकार जवळजवळ नसेल, पण सहीपूर्वी प्रश्न विचारण्याचा आहे. यंदाच्या मे महिन्यात तर आपण सर्वोच्च न्यायालयाला १४ प्रश्न विचारलेत, त्यांत राष्ट्रपतींना निर्णयासाठी मुदत घालून देता येते का हाही होता. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने विचारले गेले, हे मला कळतं. आणि न्यायालयाने मुदत घालावी असंही माझं म्हणणं नाही. आम्ही मुदतीविना वाट पाहण्यात पारंगत आहोत.

ज्या प्रश्नाला कुणाच्याही सल्ल्याची गरज नाही असा एक प्रश्न घटनेने आपल्याकडे ठेवला आहे. कलम ७८. संघराज्याच्या कारभाराविषयी राष्ट्रपती जी माहिती मागतील ती देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. तिथे ‘येईल’ नाही.

म्हणून विनंती एवढीच. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या विकास मंडळांच्या निर्णयाचं पुढे काय झालं, तो प्रस्ताव आज कोणत्या टेबलावर आहे आणि का आहे, याची माहिती आपण मागवावी. मंडळं द्यायची नाहीत असं दिल्लीने ठरवलं असेल तर तसं लेखी कळावं, आम्ही आमचं पाहून घेऊ. द्यायची असतील तर आदेशाचा मसुदा तयार करायला वेळ लागू नये, १९९४ चा नमुना आपल्याच दप्तरी आहे.

कळावे,

आपला नम्र,
नागरिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक